जावयाला किती जीबी?

३ मे २०२६, रविवार

सकाळी बेलापूरहून सासऱ्यांचा फोन. यंदा अधिक महिना आहे, म्हणजे धोंडा, म्हणजे जावयांना जेवायला बोलावून वाण द्यायचं. मागच्या अधिकात तांब्याचं तबक मिळालं होतं. त्यात सध्या गाडीची चावी, रिमोट आणि संपलेले सेल असतात.

मामा म्हणाले, आमचा करण म्हणतोय यंदा दोन्ही जावयांना टॅब द्यायचा. किती जीबीचा घेऊ? तुमाला लई कळतं त्यातलं.

हे खरं आहे. मला कळतं.

मी म्हणालो, बघा मामा, तुमच्या मनाला येईल तो घ्या. मला काय, काहीही चालतं.

ही बोलायची रीत आहे. आपल्याकडे पहिल्या ‘नको’ला कोणी धरत नाही. पोळी नको म्हटलं म्हणून कोणी वाढायचं थांबतं का? दुसऱ्यांदा विचारतात, मग आपण आढेवेढे घेत आकडा सांगायचा. मी २५६ जिभेच्या टोकावर तयार ठेवला होता.

मामा म्हणाले, बरं. आणि फोन ठेवला.

रेंज गेली असावी.

४ मे

फोन नाही. मामा शेतात असतील.

माझा २५६ चा आग्रह हौसेपोटी नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. आमच्या पतसंस्थेचा रौप्यमहोत्सव २० जूनला आहे. अध्यक्ष बाहेरून व्हिडिओवाला बोलावणार होते. मी भर मीटिंगमध्ये म्हणालो, साहेब, बाहेरचा माणूस कशाला? माझ्याकडे २५६ चा टॅब येतोय, संपूर्ण कार्यक्रम ४के मध्ये काढतो. अध्यक्ष म्हणाले, वा. खर्डा शाखेच्या शाखाधिकाऱ्याची जागा जुलैत रिकामी होतेय. अध्यक्ष तोंडानं बोलत नाहीत, पण माणूस हेरून ठेवतात. फिल्म झाली की खर्डा माझंच.

शेजारच्या टेबलावरचा अजिनाथ म्हणाला, टॅबवर कुठं फिल्म होती का? त्याला उत्तर दिलं नाही. त्याचा फोन अजून पाठीवर रबर लावलेला आहे.

७ मे

फोन नाही. धनश्रीला म्हणालो, सहज आप्पांशी बोलता बोलता २५६ असं काढ.

ती म्हणाली, मी माझ्या बापाला आकडा सांगणार नाही. तुमीच म्हणालात ना, काहीही चालतं.

बायकोला चौदा वर्षांत नवऱ्याचं बोलणं कुठे सरळ घ्यायचं आणि कुठे नाही, हे कळू नये याचं आश्चर्य वाटतं. तिनं आणखी विचारलं, आतापर्यंत तुमी मोबाईलवर काय काय काढलंय? मी तिला एसटी स्टँडचा व्हिडिओ दाखवला. त्यात थोडा अंगठा आलाय. पण तंत्र समजतं.

१० मे, रविवार

धोरण बदललं. सासरवाडीचा नियम आहे की दोन्ही जावयांना सारखंच द्यायचं. एकाचा आकडा वाढला की दुसऱ्याचा आपोआप वाढतो. म्हणजे मी मागायची गरजच नाही, साडूनं मागितलं की झालं.

साडू म्हणजे बिभीषणराव. पारनेरकडचे, दुधाचा धंदा. त्यांना फोन केला. अर्धा तास समजावलं की पुढच्या काळात गाईगुरांची सगळी माहिती, फोटो, व्हिडिओ, सगळं डिजिटल होणार आहे, जागा किती लागेल याचा अंदाज नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, माझ्या मोबाईलात बत्तीस हाय भाऊ, त्यातलं निम्मं मोकळंच पडलंय. चौसष्ट म्हंजी लई झालं. मी तर मामांला म्हनलो, टॅब कशाला, एक खोरं द्या.

अशा माणसाबरोबर माझं नशीब एका दाव्याला बांधलंय.

१३ मे

मेव्हण्याला, म्हणजे करणला, ‘६४ की २५६? ही चूक करू नका’ असा एक व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं, सॉरी, चुकून तुला आला. 

करणनं अंगठा पाठवला.

अंगठ्याचा अर्थ काय घ्यायचा? मी होकार घेतला आहे.

१७ मे, रविवार

अधिक मास सुरू. ३१ तारखेचं जेवणाचं आमंत्रण आलं. मामी बोलल्या. जीबीचा विषय त्यांनी काढला नाही, मी काढणार नाही. मागणारा माणूस मी नाही. लग्नातही काही मागितलं नाही, हे बेलापुरात आजही लोक सांगतात.

निर्णय : तीन दिवस आधीच जायचं. समोर बसलो की विषय आपोआप निघेल. फोनवर आग्रह करता येत नाही, ताटावर येतो. रजा टाकली. कारण : धार्मिक.

२८ मे, बेलापूर, संध्याकाळ

पोचलो. जामखेड ते नगर उभ्यानं, नगर ते श्रीरामपूर एका बकरीशेजारी. दारातच मामींनी पायावर पाणी घातलं, ओवाळलं आणि वाकून नमस्कार केला. या महिन्यात जावई म्हणजे नारायण. वयानं मोठ्या बाईनं पाया पडल्यावर आपण काय बोलणार? मी छताकडे बघितलं.

मला कूलरसमोर खुर्ची दिली आहे. तीच माझी जागा.

सहज म्हणालो, जरा श्रीरामपूरला चक्कर मारून येतो, दुकानं बघतो. मामी म्हणाल्या, असं कुटं अस्तं का, जावयानं धोंड्यात उन्हात हिंडायचं? काय पायजे ते सांगा, करण आनंल. आता काय पाहिजे ते सांगता आलं असतं तर मी जामखेडहून आलोच नसतो.

२९ मे, दुपार

सकाळपासून खुर्चीत. पाणी प्यायला उठलो तर निकितानं, म्हणजे मेव्हणीनं, तांब्या हातात दिला. अंगणात गेलो तर करणनं खुर्ची अंगणात आणली. नारायणाला क्षीरसागरात कसं वाटत असेल याची कल्पना आली.

खाल्लं ते असं : शिरा, पोहे, धोंडे, पुन्हा शिरा. नको म्हटलं की वाढतात. या घरात आग्रह आहे, भरपूर आहे, पण फक्त ताटात.

मामी ओट्यावर अनारसे मोजत होत्या. तेहतीस माझ्या ताटात, तेहतीस बिभीषणरावांच्या. बत्तासे तेहतीस. वाती तेहतीस. एक अनारसा तुटला तर नवीन तळला. मी म्हणालो, मामी, एखादा कमी असला तर काय होतंय? त्या म्हणाल्या, न्हाई बाबा, शास्त्र हाय.

एक गोष्ट ध्यानात आली. या घरात शास्त्र म्हटलं की कोणी हात आखडत नाही. हा धागा उपयोगी आहे.

२९ मे, जेवणानंतर

मोठा दिवस. सविस्तर लिहितो.

बिभीषणराव खवा घेऊन आले. पंगतीला मी, ते, मामा आणि करण. मी विषयाकडे लांबून निघालो. म्हणालो, आमच्या ऑफिसात एकानं कमी जीबीचा मोबाईल घेतला, बिचाऱ्याला आता पोरीचे फोटो पुसावे लागतात, रडतो. मामांनी मन लावून ऐकलं. म्हणाले, मग त्यानं बेतानं काढायचं फोटू.

मामींनी धोंडा वाढला.

मग करण स्वतःहून म्हणाला, आप्पा, उद्या आणायचं तर आहे, जीबीचं ठरलं का? दुकानदार विचारंल.

मामा माझ्याकडे बघायला लागले. आला होता, क्षण आला होता. मी पाण्याचा घोट घेतला, एक आढावेढा घ्यायचा म्हणून. तेवढ्यात बिभीषणराव म्हणाले, मामा, बारक्यातला बारका घ्या. आमाला काय करायचंय?

‘आमाला’. अनेकवचन.

आता यावर मी २५६ म्हणालो असतो तर मी कोण ठरलो असतो? मामी दारात उभ्या, धनश्री माझ्याकडे बघतेय. पण अशा वेळीच माझं डोकं चालतं. मी म्हणालो, मामा, आकडा आम्ही सांगायचा नसतो. अधिकाचं वाण आहे. शास्त्राप्रमाणे द्या.

मामांचा चेहरा उजळला. मांडीवर हात मारून म्हणाले, हे बराबर बोल्ले. आठ दिवस डोकं चालत नव्हतं माझं. शास्त्रापरमानं म्हनल्यावर सोपं झालं.

काम झालं. एक अक्षर न मागता. शास्त्र म्हणजे भरपूर, हे मी दुपारीच हेरलं होतं. २५६ नक्की, कदाचित ५१२. अध्यक्षांना मेसेज केला की साधनसामग्री अपेक्षेपेक्षा मोठी येत आहे.

३० मे

मामा सकाळी पहिल्या एसटीनं गेले. दिवसभर पत्ता नाही. मला काही सांगत नाहीत. सरप्राईज असणार. 

खुर्ची. शिरा. लाईट गेली, कूलर बंद. उठावं म्हटलं तर मामींनी पुठ्ठ्यानं वारा घालायला सुरुवात केली, म्हणून बसलो.

मामा दिवेलागणीला आले. कान उन्हानं लाल, सदरा पाठीला चिकटलेला. पण खुशीत होते. धनश्रीनं विचारलं, आप्पा, एवढा उशीर? म्हणाले, श्रीरामपूर बघितलं, राहुरी बघितलं, मग नगर गाठलं. पायजे ते कुटंच मिळंना. शेवटी घावलं.

तीन गावं. माझ्यासाठी म्हाताऱ्यानं भर उन्हात तीन गावं पालथी घातली. मला खरंच भरून आलं. ५१२ आमच्या भागात सहजी मिळत नाही.

३१ मे, रविवार, दुपार

लिहायची इच्छा नाही. पण नोंद हवी.

पाटावर बसवलं. ओवाळलं. अनारशांचं ताट, दिवा, आणि वर टॅबचा बॉक्स. मी बॉक्सकडे बघत नाही असं दाखवत बघितलं. कोपऱ्यात ३२ छापलं होतं.

वाटलं, मॉडेल नंबर असेल.

मामा उभे राहून, माझ्याकडे हात करून सगळ्यांना सांगायला लागले. अंगदरावांनी डोळं उघडलं माझं. शास्त्र म्हंजी तेहतीस. मी परत्येक दुकानात इचारलं, तेहतीस जीबीचा हाय का? लोक हसायचे. एक पोरगं म्हनलं, आजोबा, तेहतीसचा निघतच न्हाई. बत्तीसचा निघायचा, आता तो बी बंद झाला. मग नगरला एका दुकानात जुन्या मालात दोनच शिल्लक हुते. घेतले. बत्तीस झाले. ऱ्हायला एक.

इथे मामांनी देव्हाऱ्यातून हळदीकुंकवाची डबी आणली. डबीत कापूस, कापसात नखाएवढं मेमरी कार्ड. एक जीबी.

म्हणाले, एक जीबीचं आता कुटं मिळत न्हाई. मग आठवलं, घरात हाय की. तुमच्या लग्नाचं शूटिंग. मांडवात मी इचारलं हुतं, जावईबापू, काय पायजे तुमाला? आन तुमी म्हनला, मला काही नको, मुलगी दिली त्यात सगळं आलं. ते बोलनं ह्यात हाय. चौदा वर्सं देवापाशी ठेवलंय. आमच्या भावकीत कोन्या जावयानं असं म्हनलं न्हाई. बत्तीस आन एक, तेहतीस. घ्या.

मला रडू आलं. थांबेना. मामीही रडल्या. शेजारची माणसं म्हणाली, बघा, याला म्हणतात जावई.

बिभीषणरावांच्या बॉक्सवर एक पाकीट होतं. मामा म्हणाले, दुसरं एक जीबीचं नव्हतं, म्हनून ह्यांना नवं एक कार्ड आनलं. नग एकच हाय, शास्त्रात बसतंय. करणनं पाकिटावरचं वाचून दाखवलं. एकशे अठ्ठावीस.

बत्तीस आणि एकशे अठ्ठावीस. ज्याला खोरं हवं होतं त्याला.

साडू मनाचे सरळ. भर पंगतीत पाकीट माझ्यापुढे करून म्हणाले, भाऊ, हे तुमी घ्या, मला काय करायचंय? ते जुनं मला द्या.

सगळे माझ्याकडे बघत होते. मामांच्या हातात डबी होती.

मी म्हणालो, छे छे. 

ते म्हणाले, बरं. आणि पाकीट खिशात ठेवलं.

३ जून, जामखेड

शांतपणे आढावा. बत्तीसपैकी निम्म्याहून जास्त जागा टॅबनं स्वतःच खाल्ली आहे. अपडेट नावाचा प्रकार झाला, त्यात आणखी गेली. उरलेल्या जागेत ४के धरलं तर स्वागतगीत आणि दीपप्रज्वलन बसेल. वात मोठी नसेल तर.

उपाय सोपा आहे. टॅबला कार्डाचा खण आहे. मोठं कार्ड घ्यायचं आणि घालायचं. मी उगाच हताश झालो होतो.

३ जून, संध्याकाळ

खण एकच आहे. त्यात मामांचं कार्ड आहे. धनश्रीनं स्वतः हळदकुंकू लावून घातलं.

मी म्हणालो, त्यातलं सगळं टॅबवर कॉपी करू, आणि कार्ड देव्हाऱ्यात ठेवू. ती म्हणाली, वाण बदलत नसतात. कार्ड काढलं तर बत्तीसच राहिले, मग आप्पांच्या धोंड्याचं काय? मी म्हणालो, टॅबला शास्त्र कळत नाही. ती म्हणाली, शास्त्र तुमीच काढलं हुतं.

ती आता रोज संध्याकाळी ती क्लिप लावते. बघताना तिचा चेहरा वेगळाच होतो. इतकं कौतुक तिनं माझ्याकडे प्रत्यक्ष बघून कधी केल्याचं आठवत नाही. क्लिपमध्ये मी ते वाक्य म्हणतो, टाळ्या होतात, आणि मी मामांकडे बघत थांबतो. बराच वेळ थांबतो. कोणाच्या लक्षात येत नाही. मामांनी त्या वेळी मोटारसायकलचा विषय काढला होता. मी दुसऱ्यांदा विचारायची वाट बघतोय.

मामा म्हणतात, बरं. तेही स्पष्ट ऐकू येतं.

९ जून

नवं धोरण : कमी पण दर्जेदार. मोठे कलाकार सगळंच्या सगळं काढत नाहीत. फक्त अध्यक्षांचं भाषण काढायचं, बाकी फोटो. अध्यक्षांना समजावलं. ते म्हणाले, तुमच्यावर सोपवलंय. अजिनाथ म्हणाला, माझ्या फोनात जागा हाय, लागली तर सांगा. मी म्हणालो, छे.

१८ जून

टॅबमधून कॅल्क्युलेटर, हवामान, घड्याळ, सगळं काढून टाकलं. काही जात नाही, परत येतात. स्टँडचा व्हिडिओ डिलीट केला. वाईट वाटलं, पण खर्ड्यासाठी त्याग करावा लागतो.

२० जून, शनिवार

कार्यक्रम उत्तम झाला.

स्वागतगीत लागलं तेव्हा चाचणी म्हणून कॅमेरा सुरू केला. बंद करायचा राहिला. प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल, नारळ, सगळं येत गेलं. दृश्य सुंदर होतं. अध्यक्ष माईकपाशी आले, ‘बंधूंनो’ म्हणाले, आणि टॅबवर पाटी आली की जागा संपली. 

मी टॅब खाली घेतला नाही. पूर्ण भाषण होईपर्यंत तसाच धरून उभा राहिलो. हात भरून आले. अध्यक्ष अधूनमधून माझ्याकडे बघून बोलत होते, आवाज चढवत होते. मला त्यांची कीव आली, आणि माझी त्याहून जास्त.

२२ जून, सोमवार

अध्यक्ष साडेअकराला माझ्या टेबलापाशी आले. शेजारी अजिनाथ. म्हणाले, अंगदराव, दाखवा आमचं भाषण.

गॅलरी उघडली, बोट कुठेतरी लागलं, आणि मांडव सुरू झाला. ढोलताशा, मग मामांचा आवाज, काय पायजे तुमाला. मग मी, मुंडावळ्या बाजूला करत. मला काही नको.

बंद करायला गेलो तर अध्यक्ष म्हणाले, थांबा. पूर्ण बघितलं. टाळ्यांपर्यंत. मग चष्मा काढून पुसला. भाषणाचं विसरले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, आजकाल असा माणूस बघायला मिळत नाही. आमच्या संस्थेत आहे हे मला माहीत नव्हतं.

आणि मग, तिथेच उभ्या उभ्या, म्हणाले, अंगदराव, खर्ड्याला कोणाला तरी पाठवायचंय. तुमची काही इच्छा आहे का?

टॅब माझ्या हातात होता. स्क्रीनवर मी हात जोडून थांबलो होतो, तो मामांकडे बघणारा. हो म्हणायचं होतं. नुसतं हो.

मी म्हणालो, माझं काय साहेब, कोणालाही पाठवा.

अध्यक्ष म्हणाले, बरं.

अजिनाथ म्हणाला, मी जातो की सायेब.

ते त्याला घेऊन केबिनमध्ये गेले. निर्णय इतक्यात पक्का होत नसतो. माणूस विचार करतो, बाहेर येतो, पुन्हा एकदा विचारतो. मी टेबल सोडलं नाही. डबासुद्धा तिथेच खाल्ला. अध्यक्ष चारला घरी गेले, तरी फोन येईल म्हणून बसलो. सहाला शिपायानं पंखे बंद केले, लाईट बंद केले आणि विचारलं, साहेब, कुलूप लावू का?

मी म्हणालो, थांब जरा.